धाडच्या लढाईचा खरा वृत्तान्त

धाड, ता. ९ फेब्रुवारी १९४१

प्रिय अब्दुल गनी यास शालिग्रामचा सलाम आणि रामराम, दोन्ही.

बकरी ईदेचं तुझं कार्ड पोचलं. उत्तराला महिना लागला. तू दरवर्षी न चुकता कार्ड टाकतोस आणि मी दोन वर्षांतून एकदा जागा होतो, हे काही बरं नव्हे. नसीमा वहिनींना माझा सलाम सांग. त्यांचा गुडघा कसा आहे? वडनेरला तुझं दुकान चांगलं चालतं, नांदुऱ्यापर्यंतचे बैल खुरांना पत्री ठोकून घ्यायला तुझ्याकडेच येतात, असं मागं एक बैलवाला सांगत होता. ऐकून बरं वाटलं.

इकडे सगळं ठीक. सत्यभामा ठणठणीत आहे. मी अजून कोंडवाड्यावरच मुन्शी आहे. पंचवीस वर्षं झाली, खुर्ची तीच, टेबल तेच, फक्त बैल आणि म्हशी बदलल्या. गावातली जनावरं मला पाहिली की रस्ता बदलतात. माणसंही बदलतात, पण ती नमस्कार करून बदलतात.

आता पत्राचं कारण. नवी लढाई सुरू आहे हे तुला माहीतच आहे. गावोगाव फौजेत भरतीसाठी सभा होतात. तशी आपल्याकडे झाली, तेव्हा अर्जुनराव पाटील उठून उभे राहिले आणि तहसीलदार साहेबांना म्हणाले, "साहेब, आमच्या गावाले लढाई नवी नाई. मागच्या जर्मन लढाईत खुद्द धाडच्या बजारात लढाई झाली. सन सतरा सालची गोष्ट. मी सोता होतो."

साहेब नवे आहेत, तरुण आहेत. त्यांना फार आनंद झाला. म्हणाले, अशी घटना असेल तर बाजारात दगड बसवू, वर वीरांची नावं कोरू, पोरं ती वाचून भरती होतील. मात्र आधी कागदपत्र पाहून, साक्षी घेऊन रीतसर वृत्तान्त तयार करा. आता वृत्तान्त लिहिणार कोण? मोडी वाचता येणारा आणि अक्षर बरं असणारा सरकारी माणूस गावात एकच. तो म्हणजे मी. मी म्हणालो, साहेब, माझ्याकडे वेळ नाही. साहेबांनी कोंडवाड्यात पाहिलं. आत एक गाढव होतं. म्हणाले, "वेळ आहे."

म्हणून गेले पंधरा दिवस मी इतिहास-संशोधक झालो आहे, गनी. फार कठीण धंदा. जनावर कोंडलं तर निदान ओरडून सांगतं की मी म्हैस आहे. साक्षीदाराचं तसं नाही.

पहिली साक्ष कडूबा जिलबीवाल्याची घेतली. त्यानं सांगितलं की दोनशे जर्मन आले होते, टोप्यांवर शिंगं होती. मी विचारलं, "कडूबा, जर्मन धाडले काऊन येतील? इथं काय हाय?"

"काऊन म्हंजे? माही जिलबी!" कडूबा म्हणाला. "सारी कढई खाल्ली त्याईनं. एकाच्या पाठीत म्या झारा घातला. असा घातला का तो हिनकारला."

मी "खिंकाळला" असं लिहिलं आणि त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "जर्मन असेच वरडतात."

दुसरी साक्ष अर्जुनरावांची. त्यांनी जातीनं साठ माणसं जमवून शत्रूला नदीपार लोटलं म्हणे. हातात तलवार होती. मी विचारलं, तलवार आता कुठे आहे? तर म्हणाले, चोरीला गेली. मी विचारलं, साठातल्या दोघांची नावं सांगा. तर म्हणाले, सगळे वारले. एवढा मोठा विजय आणि जिवंत एकच माणूस, असं युद्ध पृथ्वीवर दुसरं झालं नसेल. त्यांनी मला दगडावरचा मजकूरही लिहून दिला आहे. पहिल्या चार ओळींत ते स्वतः आहेत.

खरं काय झालं होतं ते आपल्या वयाच्या सगळ्यांना माहीत आहे. निजामाच्या मुलखातून विकत घेतलेली बत्तीस लष्करी खेचरं मलकापूरच्या स्टेशनावर चालली होती. बाजाराच्या दिवशी धाडला मुक्काम पडला आणि बरोबरच्या हवालदारानं ती कोंडवाड्यात ठेवली. भर दुपारी ती सुटली आणि बाजारात शिरली. पण हे आता कोणी बोलत नाही. खेचरांचे जर्मन कधी झाले ते कुणालाच कळलं नाही. दर वर्षी थोडे थोडे झाले असावेत.

परवा बुलढाण्याला जाऊन आलो. रेकॉर्ड रूममध्ये उकंडराव म्हणून कारकून आहेत. तपकीर ओढतात आणि कागदावर शिंकतात. त्यांनी मला विचारलं, "कोणत्या सालचं?" मी म्हणालो, सतरा. ते म्हणाले, "सतरा साल वरच्या फळीवर आहे, शिडी मोडली आहे, अर्ज करा." मी विचारलं, शिडीसाठी की कागदासाठी? म्हणाले, "दोन्हीसाठी वेगळे." मी दोन्ही अर्ज देऊन आलो.

तुला पत्र लिहायचं सत्यभामेनं सुचवलं. चार दिवस तिनं एकच लावून धरलं, "गनीभाऊले लिहा. त्याईले इचारल्याबगर लिहू नका." तेव्हा त्या दिवसाचं तुला काही आठवत असेल तर कळव. आठवत नसेल तर तसंही चालेल. इतक्या जुन्या गोष्टी कशाला आठवायच्या, असं माझंही मत आहे.

तुझा,
शालिग्राम

---

धाड, ता. २ मार्च १९४१

प्रिय गनी,

तुझं पत्र मिळालं. तू तिसरीपर्यंतच शिकलास, पण तुझं पत्र वाचताना माणूस समोर बसून बोलतो आहे असं वाटतं. तू लिहिलंस, "मी सकाळी कोंडवाड्यात गेल्तो नाल ठोकाले. एका खेचराच्या मागच्या पायात काटा रुतून पू झालता. म्या हवालदाराले म्हनलं, ह्या पायाले नाल ठोकाले लावू नोको, जनावर लंगडं होईन. तो म्हने, तू मले शिकवतं का? म्या म्हनलं, हाव, तुले येत नसन त शिकवतो. मंग त्यानं मले धक्का मारला न मी घरी गेलो. दुपारी मले धरून नेलं. पुढचं तुले माहीत हाय."

हो, पुढचं मला माहीत आहे. चार महिने तुरुंग. तू वृत्तान्तासाठी एवढंच लिहिलंस, एक अक्षर जास्त नाही. मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं आहे.

आता संशोधनाची प्रगती. शिडी मंजूर झाली. कागदही मंजूर झाला. मात्र उकंडरावांची पाठ धरली होती, म्हणून शिडीवर मीच चढलो आणि त्यांनी शिडी धरली. धरता धरता ते शिंकले. मी सन सतरापाशी जाण्याऐवजी सन बारा घेऊन खाली आलो, बसूनच आलो. अजून बसताना त्रास होतो. इतिहासासाठी रक्त सांडावं लागतं म्हणतात. मला मुका मार लागला.

दुसऱ्या खेपेला गठ्ठा सापडला. लाल फडकं, वर लिहिलेलं: "मौजे धाड, लष्करी काफिल्यावर हल्ला." गनी, आत काय लिहिलं आहे ते वाचून मला कडूबाची माफी मागावीशी वाटली. तो निदान जिलबीबद्दल खरं बोलतो. हवालदाराच्या जबाबात साठ हत्यारबंद इसम आहेत. त्यांनी तिन्ही बाजूंनी घेरलं. हवालदारानं शौर्यानं तीन गोळ्या झाडल्या. शत्रू पळाला, पळताना अकरा खेचरं घेऊन गेला. शत्रूचं नुकसान: "पुष्कळ, परंतु प्रेते सोबत नेली."

त्या तीन गोळ्या मी स्वतः पाहिल्या होत्या. एक माळणीच्या लाल भोपळ्यात शिरली. दुसरी चावडीच्या कौलात. तिसरी अजून कुठे आहे कुणाला माहीत नाही. आणि त्याच वेळी शूर अर्जुनराव त्यांच्या घरातल्या ज्वारीच्या कणगीत होते. संध्याकाळी बायकांनी दाणे काढायला झाकण उघडलं, तर आतून पाटील निघाले, कानात ज्वारी. हे मी वृत्तान्तात घ्यावं की नाही, असा प्रश्न आहे. साहेब पुरावा मागतील आणि पाटीलवहिनी साक्ष देणार नाहीत.

तुझ्याबद्दलही गठ्ठ्यात आहे. ते लिहायला हात जड होतो, पण तू विचारशीलच. "अब्दुल गनी नालबंद याने शत्रूस सामील होऊन कोंडवाड्याचे कुलूप काढले." त्याला आधार एका साक्षीदाराच्या लेखी जबाबाचा आहे. साक्षीदाराचं नाव वाळवीनं खाल्लं आहे. वाचता येत नाही.

अर्जुनरावांना मी हे सांगायला नको होतं. ते खूश झाले. म्हणाले, "वा! लढाई म्हनलं का फितूर पाह्यजेच. दगडाच्या खाली लिहू, फितूर अब्दुल गनी नालबंद. म्हंजे वरची नावं उठून दिसतीन." पाथरवटाला सांगूनही टाकलं. मी म्हणालो, घाई नको, अजून संशोधन चालू आहे.

मग मी एक काम केलं. कुठून तरी कानावर आलं होतं की पळालेल्या अकरांतलं एक खेचर अजून जिवंत आहे. साखरखेर्ड्याला नूरबी म्हणून एक म्हातारी आहे, तिच्याकडे. मी रजा काढून गेलो. मोटारीनं चिखलीपर्यंत, पुढं बैलगाडीनं, आणि माझ्या बसण्याच्या जागेची हकीकत वर दिलीच आहे.

नूरबी सत्तरीची असेल. मला पाहून म्हणाली, "सरकारी मानूस दिसतं तू. खेचर न्याले आला का? नेऊ देनार नाई. माह्या मालकानं त्याले रानातून आनलं, तवा ते तीन पायावर होतं."

मी म्हणालो, "नेत नाही, मावशी. फक्त पाहायचं आहे."

"पाह्याले एवढ्या दूर आला?"

"हो."

"मंग पाह्य," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा ठेवला, कारण येड्या माणसाला उपाशी पाठवू नये.

अठ्ठावीस-तीस वर्षांचं खेचर, गनी. तोंड पांढरं झालेलं, एका डोळ्यात फूल पडलेलं. मानेवर लष्कराचा डाग अजून दिसतो. मी मागचा उजवा पाय उचलून पाहायला वाकलो. त्यानं मला एक ठेवून दिली. नशीब, म्हातारपणानं जोर नव्हता. नूरबीनं पाय धरला तेव्हा पाहिलं. खुराच्या वर, आतल्या बाजूला, बोटभर जुना वण आहे. काटा होता. नूरबीच्या नवऱ्यानं तो काढला आणि वर्षभर त्या पायाला नाल ठोकला नाही, म्हणून पाय वाचला.

तुझं बरोबर होतं. एवढं कळवण्यासाठी हे पत्र.

नसीमा वहिनींना गुडघा निरगुडीच्या पाल्यानं शेकायला सांग.

तुझा,
शालिग्राम

---

धाड, ता. ३० मार्च १९४१

गनी,

तुझं कार्ड गेल्या आठवड्यात मिळालं. ते माझ्यासमोर आहे. तू लिहिलंस, "खेचराचं वाचून मले लय बरं वाटलं. मी न नसीमा दोघंबी हसलो. भाऊ, तू एवढा शोध लावून राह्यला, त तेवढा तो साक्षीदार कोन होता ते काढ. मी त्याले मारनार नाई, शिव्याबी देनार नाई. आता काय, म्हातारे झालो. मले त्याले एकच इचारायचं हाय. बावा, म्या तुहं काय बिघडवलं होतं?"

काही नाही. तू त्याचं काहीच बिघडवलं नव्हतंस. हे मी खात्रीनं सांगतो, कारण तो साक्षीदार मी आहे.

नाव वाळवीनं खाल्लेलं नाही. स्वच्छ आहे. वाळवीनं त्याच्या वरची ओळ खाल्ली, खालची खाल्ली, मधलं माझं नाव तेवढं सोडलं. हवालदाराचा साठ माणसांचा जबाबही माझ्याच हातचा आहे. गावात लिहिणारा मी एकच होतो, त्यानं सांगितलं आणि मी लिहिलं. उकंडराव मागच्या खेपेला तो कागद पाहून म्हणाले, "काय सुरेख मोडी आहे हो! असा लिहिणारा आता राहिला नाही." मी म्हणालो, "नाही राहिला," आणि गठ्ठा बांधला.

आता त्या दिवशीचं सांगतो. तू सकाळी हवालदाराशी भांडून गेलास, त्यानंतर कुलूप मीच लावलं. किल्ली माझ्या कमरेला. हवालदार आणि त्याचे चार लोक निंबाखाली भाकरी खात बसले. आत बत्तीस खेचरं आणि कोपऱ्यात एक शेळी. ती शेळी कोणाच्या तरी हरभऱ्यात शिरली म्हणून सकाळीच कोंडली होती. शेळी सत्यभामेच्या घरची.

तुला आठवतं, तेव्हा आमची सोयरीक नुकती ठरली होती. मी बावीस वर्षांचा, ती सोळाची. एकमेकांशी बोलायचं नाही असा वडीलधाऱ्यांचा दंडक. दुपारी ती कोंडवाड्याच्या फाटकाशी आली. आयुष्यात माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य हे: "पिल्लं वरडून राह्यली. शेळी द्या ना."

गनी, त्या वेळी तिनं हत्ती मागितला असता तरी मी दिला असता. दंड नाही, पावती नाही, मी फाटक उघडलं. शेळीचं दावं तिच्या हाती दिलं. ती म्हणाली, "लय उपकार झाले." आणि निघाली. मी पाहत राहिलो. ती विहिरीपाशी वळेपर्यंत पाहत राहिलो. वळल्यावर ज्या ठिकाणी ती वळली ती जागा पाहत राहिलो. एवढ्यात माझ्या खांद्याला काहीतरी घासून गेलं. ते चौथं की पाचवं खेचर होतं.

पुढची लढाई तुला माहीत आहे.

तासाभरानं हवालदार माझ्याकडे आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. एकवीस खेचरं सापडली, अकरा गेली. त्यालाही त्याच्या साहेबाला तोंड दाखवायचं होतं. म्हणाला, "साठ आदमी थे. लिखो." मी लिहिलं. मग त्यानं विचारलं, "ताला किसने खोला?"

मला वाटलं, नोकरी जाईल. सोयरीक मोडेल. तिचं नाव निघेल, ठरलेल्या नवऱ्याला भर दुपारी भेटायला गेली म्हणून गाव बोलेल. हे सगळं डोक्यात आलं, पण खरं सांगू? सगळ्यात आधी एवढंच आलं की मला भीती वाटते. मी म्हणालो, "कुलूप मी लावले होते. नंतर आत फक्त नालबंद गेला होता." एकच वाक्य. त्यानं ते मलाच लिहायला लावलं. मी लिहिलं, खाली सही केली. खटल्यात साक्षीदाराला समोर बोलावलंच नाही, कागदावर काम भागलं. मला वाटलं होतं, चार शिव्या घालून तुला सोडतील.

तू आत असताना तुझी अम्मा गेली. जनाज्याला मी खांदा दिला. कबरस्तानापर्यंत खांदा बदलला नाही, लोक म्हणाले, पाहा, दोस्त असावा तर असा. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. सुटून आल्यावर तू माझ्या घरी जेवलास, आणि हात धुताना विचारलंस, "कोनं घेतलं असन बे माहं नाव?" मी म्हणालो, "काय माहीत." पुढच्या महिन्यात तू ऐरण गाडीवर घातलीस आणि वडनेरला निघून गेलास. तुझ्या कार्डांना मी क्वचितच उत्तर का देत होतो, ते आता तुला कळलं असेल. तुझं अक्षर दिसलं की माझं जेवण कडू व्हायचं.

तुझं हे कार्ड आलं त्या सकाळी सत्यभामा सुपात तुरीची डाळ घेऊन पाखडत होती. मी समोर बसलो. म्हणालो, "तुला एक सांगायचं आहे."

ती मान वर न करता म्हणाली, "शेळीचं का?"

ती म्हणाली, "म्या वळून पाह्यलं होतं. फाटक सताड उघडं होतं न तुमी तोंड उघडं ठेवून उभे होते. मले वाटलं, आता लावतीन, मंग लावतीन."

"मग चोवीस वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी काऊन नाई बोलले?" तिनं सूप खाली ठेवलं. "मले वाटे, नवऱ्याचं पाप बायकोनं बोलू नाई. न मंग वाटे, शेळी त माही होती. दर ईदेले गनीभाऊचं कार्ड ये न तुमी ते न वाचता फळीवर ठेवा. मी खाली घे न वाची. म्हनूनच म्हनलं, गनीभाऊले लिहा. लिहिता लिहिता तरी खरं निंघन."

ती कार्डं तिच्या ट्रंकेत आहेत. चोवीस. एकही गहाळ नाही.

तर गनी, मी वृत्तान्त नव्यानं लिहिला. परवा बाजारात सभा झाली. मांडव, खुर्च्या, तहसीलदार साहेब मधोमध. अर्जुनराव नवी पगडी घालून. दगडावर पांढरं कापड. साहेब म्हणाले, शालिग्राम, वाचा. मी उभा राहिलो. सत्यभामा बायकांत पुढं बसली होती, तिच्याकडे पाहिलं नाही, नाहीतर पुन्हा काहीतरी सुटलं असतं.

मी सगळं वाचलं. साठ माणसं नव्हती, एक शेळी होती. शत्रू नव्हता. फाटक मी उघडं ठेवलं. अब्दुल गनी नालबंद निर्दोष आहे, त्याच्यावर खोटी साक्ष मी दिली. खेचराच्या पायाबद्दलही तो खरं बोलला होता, त्याचा पुरावा साखरखेर्ड्याला उभा आहे आणि लाथ मारतो.

मग मागून कडूबाचा आवाज आला, "मंग माही जिलबी कोनं खाल्ली?"

"खेचरांनी," मी म्हणालो.

कडूबानं बराच विचार केला. म्हणाला, "तरीच म्हनलं, जर्मनाले पाठीवर एवढे केस कसे!"

सगळा बाजार हसला. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. अर्जुनराव तेवढे उठून ओरडले, "हा मानूस खोटारडा हाय! यानं सोताच सांगतलं का हा खोटारडा हाय!" तेव्हा बायकांतून पाटीलवहिनी उभ्या राहिल्या. त्या कधी चारचौघांत बोलत नाहीत. म्हणाल्या, "आता बसा खाली. नाईतर मी कनगीचं सांगन." पाटील बसले.

दगडाचं काय झालं ते सांगायलाच हवं. पाथरवट परत नेईना, म्हणून तो उलटा घालून सार्वजनिक विहिरीपाशी टाकला आहे. बायका त्यावर धुणं आपटतात. पाटलांच्या चार ओळी खाली मातीत आहेत. तुझं नाव त्यावर आलंच नाही. पाथरवट अजून तिथवर पोचला नव्हता.

साहेब सभेनंतर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला आहे. नोकरी राहील की जाईल ते महिन्याभरात कळेल. गावात मला आता "शेळीमुन्शी" म्हणतात. काही लोक नमस्कार करत नाहीत. त्यात मला बोलण्यासारखं काही नाही. बुलढाण्याला जाऊन माझा नवा जबाब उकंडरावांच्या हाती दिला. त्यांनी तो वाचला, एकदाही शिंकले नाहीत, आणि माझ्यासमोर सुई-दोरा घेऊन जुन्या कागदाच्या वर शिवला. म्हणाले, "आता गठ्ठा उघडणाऱ्याला आधी हे दिसेल." त्याची शिक्का मारलेली नक्कल सोबत पाठवतो. तुला ज्याला दाखवायची त्याला दाखव. सगळ्यांत आधी नसीमा वहिनींना वाचून दाखव, कारण ते चार महिने त्यांनीही काढले आहेत.

माफ कर असं मी लिहीत नाही. चार महिने, तुझी अम्मा आणि तुझं गाव, हे एका कार्डावर परत देता येत नाही. तू इतकंच विचारलं होतंस की तू त्याचं काय बिघडवलं होतंस, त्याचं उत्तर मी वर दिलं आहे. पण अशी उत्तरं टपालानं देऊन चालत नाही. म्हणून पुढच्या रविवारी सकाळच्या मोटारीनं मी आणि सत्यभामा वडनेरला येतो. मी ते तुझ्यासमोर, तोंडानं सांगेन. मग तुला जे बोलायचं असेल ते बोल. काही बोलायचं नसेल तर आम्ही दुपारच्या मोटारीनं परत फिरू, आणि त्यात तुझी चूक नसेल. सत्यभामा म्हणते की ती नसीमा वहिनींच्या गुडघ्याला तेल लावून देणार आहे, तुम्ही दोघे बोललात किंवा न बोललात तरी.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने, शुद्धीवर असताना, कोणाच्याही धाकाशिवाय लिहिला आहे. दोनदा वाचून पाहिला. खरा आहे.

शालिग्राम